हाड जुळतंय तोवर घरात काय करायचं?

कळमनुरी तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाई, वय साठीच्या आसपास, फजरच्या वुजूला गेल्या असताना नहाणीत घसरल्या. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. हिंगोलीला नेऊन प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी या असं सांगितलं. तेव्हापासून घरात रोज नवा सल्ला येतोय. भगिनी लिहितात की त्या रोज पाया करून देतात, रात्री हळदीचं दूध देतात. शेजारच्या खाला म्हणतात की प्लास्टर काढून हाडवैदाकडे न्या, लवकर जुळेल. रमजान तोंडावर आला आहे आणि अम्मी एकही रोजा सोडायला तयार नाहीत. मी नेमकं काय करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्र एका घरातलं असलं तरी प्रश्न बहुतेक घरांतले आहेत. आपल्या भागात हळद काढायला आली की शेतात आणि रस्त्यावर धावपळ वाढते. हळद शिजवायची कढई, पॉलिशचं यंत्र, भरलेला ट्रॅक्टर, मोटारसायकलवर तिघं. हाडं मोडायला कारणं पुष्कळ. कमावणाऱ्याचं मोडलं तर चूल अडते आणि बाईचं मोडलं तर अख्खं घर अडतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. प्लास्टर हाड जुळवत नाही. सळई आणि प्लेटही जुळवत नाही. ती फक्त मोडलेली टोकं जागेवर धरून ठेवतात. जुळवण्याचं काम अल्लाहने शरीराकडेच सोपवलं आहे. मोडल्यावर पहिल्या काही दिवसांत तिथे रक्त साकळतं आणि सूज येते. ही सूज म्हणजे दुरुस्तीची सुरुवात असते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी कुर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जातं आणि दीड ते तीन महिन्यांत तो कठीण होतो. त्यानंतरही महिनोन्‌महिने शरीर तो सांधा घासून-पुसून मूळ आकारात आणत राहतं. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा जास्तही, मांडीच्या हाडाला तेवढेच किंवा अधिक. लहान मुलांचं फार लवकर जुळतं. तेव्हा “अमक्याचं पोरगं महिन्यात पळायला लागलं” हे साठीच्या बाईला सांगून उपयोग नाही.

आता हाडवैदाबद्दल. या माणसांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावात दुसरा इलाज नव्हता आणि त्यांच्यातले काहीजण निखळलेला खांदा खरंच सफाईने बसवत. आपल्या इतिहासातही या विद्येला मान आहे. अंदलुसमधले अबुल कासिम अल-जहरावी, ज्यांचं निधन इ. स. १०१३ च्या सुमारास झालं, त्यांनी ‘अत-तसरीफ’ या ३० भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेला दिला आणि त्यात मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र लिहिलं. ‘जब्र’ या अरबी शब्दाचा एक अर्थच मोडलेलं सांधणं असा आहे. हाडाला बांधायच्या पट्टीला ‘जबीरा’ म्हणतात. शाळेत मुलांना छळणारा ‘अल्जेब्रा’ याच शब्दातून आला, कारण ख्वारिज्मींच्या ग्रंथाच्या नावात ‘अल-जब्र’ होता. स्पेनमध्ये तर कित्येक शतकं हाड बसवणाऱ्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. दोन सजद्यांच्या मध्ये जी दुआ अनेकजण पढतात, तिच्यातही याच धातूचा शब्द आहे: माझी मोडतोड सांधून दे.

पण मान वेगळा आणि आज मनगटाचा इलाज वेगळा. हाडवैदाकडे एक्स-रे नसतो. हाड मोडलंय, नुसतं चिरलंय की सांध्याच्या आत तुकडा सरकलाय, हे वरून चाचपून कळत नाही. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि आत सूज वाढत गेली तर रक्तपुरवठा तुटतो. तसं झालं तर काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि मग हात किंवा पाय कापायची वेळ येऊ शकते. मोडलेल्या जागी तेल लावून जोरात चोळणं हेही तितकंच वाईट, कारण जुळू लागलेला मऊ सांधा त्याने पुन्हा हलतो. हाड जागेवर बसलंय की नाही याची शंका असेल तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरला एक्स-रे दाखवा. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. प्लास्टर घरी फोडू नका.

प्लास्टर डॉक्टरांनी घातलं असलं तरी त्याच्यावर नजर ठेवायची जबाबदारी घरच्यांची. बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात, बोट नुसतं सरळ करून पाहिलं तरी कळ मस्तकात जाते, गोळी घेऊनही दुखणं वाढतच जातंय, प्लास्टरमधून घाण वास येतोय किंवा ताप आलाय, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. खाज येते म्हणून आत विणायची सुई किंवा झाडूची काडी घालू नका. आत जखम झाली तर ती दिसतही नाही.

आता जेवण. पत्रातला पहिला प्रश्नही तोच आहे.

पायाबद्दल आपल्या घरांत फार श्रद्धा आहे. हाडाने हाड जुळतं, असा साधा हिशोब. पाया गरम असतो, चवीला चांगला असतो, तोंडाला चव नसलेल्या आजाऱ्याच्या पोटात चार घास त्याच्यामुळे जातात, हा त्याचा खरा फायदा. पण हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. रात्रभर मंद आचेवर ठेवलं तरी नाही. रश्शात जो चिकटपणा येतो तो जिलेटिनचा. ते एक प्रकारचं प्रथिनच, पण अपुरं, त्याच्या एकट्यावर शरीराचं भागत नाही. शिवाय चरबी भरपूर. आठवड्यातून एक-दोनदा जरूर करा. पण रोज पायावर पैसे घालवून घरात अंडी आणि दूध आणायला उरत नसतील तर हिशोब चुकतोय.

हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि त्यात कॅल्शियम भरलेलं असतं. गिलाव्याआधी भिंत लागते, तसं प्रथिन आधी लागतं. आपण कॅल्शियमच्या गोळ्यांची चौकशी करतो आणि प्रथिन विसरतो. साठ किलो वजनाच्या माणसाला एरवी दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिन पुरतं. हाड मोडलेलं असताना, विशेषतः उतारवयात, ६० ते ७० ग्रॅम मिळायला हवं. हे गोश्त न खाताही जमतं. दोन अंड्यांतून १२-१३ ग्रॅम, घट्ट वरणाच्या दोन वाट्यांतून १५, दोन ग्लास दुधातून १४, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी झाल्या तर त्यातून १५-१६. बेरीज करून पाहा. ज्या दिवशी घरात गोश्त किंवा चिकन असेल त्या दिवशी शंभर ग्रॅम मांसातून वीसेक ग्रॅम मिळतात. ज्यांच्या किडनीला आजार आहे त्यांनी मात्र प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

कॅल्शियम मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२००, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. एक ग्लास दुधातून सव्वादोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम येतं, एका वाटी दह्यातून दीडशे ते दोनशे. नाचणीची एक भाकरी पावणेदोनशेच्या जवळपास देते. आपल्याकडे नाचणी कमी खातात, पण बाजारात मिळते. ज्वारीत कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून थोडं नाचणीचं पीठ ज्वारीत मिसळलं तरी फरक पडतो. पॉलिश न केलेले तीळ दोन चमचे खाल्ले तरी दोनशेच्या पुढे जातं. कारळाची चटणी तर मराठवाड्याच्या ताटातलीच आहे, ती रोज असू द्या. शेवग्याचा पाला अंगणात असतो आणि आपण शेंगा तोडून पाला शेळीला घालतो. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. वरणात टाका, भाजी करा. पालकाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं लागत नाही.

हळदीच्या दुधाचं काय? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिचा अभिमान आपल्याला असायलाच हवा. दुधात हळद घातल्याने काही बिघडत नाही, पण त्या पेल्यात हाडासाठी खरं काम दूध करतं. हळदीतलं औषधी तत्त्व पोटातून रक्तात फार थोडं जातं. हळदीचा लेप उघड्या जखमेवर किंवा ऑपरेशनच्या टाक्यांवर लावू नका. कांडवेलीचंही तसंच. तिला हाडजोडी म्हणतात, जुन्या वैद्यकात तिचं नाव आहे, पण कच्ची खाल्ली तर तोंड आणि घसा खाजून सुजतो. घ्यायचीच असेल तर शिकलेल्या वैद्याला किंवा हकिमांना विचारून आणि चालू औषधांची चिठ्ठी दाखवून घ्या.

चहा मात्र कमी करा. चहाने हाड विरघळतं असं नाही. पण दिवसातून सहा कप चहा आणि बिस्किटं झाली की आजारी माणूस जेवायला बसतच नाही.

आता घरात न बोलला जाणारा विषय. पुरुषांची बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखूची मळी आणि बायकांची मिसरी. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि मोडलेल्या जागी रक्त कमी पोचतं. ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात आणि काहींची जुळतच नाहीत. मग पुन्हा ऑपरेशन होतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे घरातल्या पोरालाही माहीत असतं. मोडलेल्या पायाने अंथरुणावर पडलेला माणूस स्वतः दुकानात जाऊ शकत नाही, पुडी त्याला कोणीतरी आणूनच देतं. आणून देणाऱ्यांनी ती आणू नये. माझ्या मते त्या तीन महिन्यांत घरच्यांनी त्याला दिलेलं याहून मोठं औषध नाही. भेटायला येणाऱ्या मित्रांनाही दारातच सांगा. मिसरी लावणाऱ्या अम्मींना हे सांगणं सुनेला अवघड जाईल, तिथे मुलाने बोलावं.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हा हाडाचाच इलाज आहे. भेटायला येणारे फळं, मिठाई आणि ग्लुकोजचे डबे आणतात. डबे बाजूला ठेवा. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस द्या. मेडिकलवरून पुन्हापुन्हा आणून दिल्या तर पोट आणि किडनी बिघडते, आणि त्यातल्या काही फार दिवस घेतल्या तर हाड जुळायला उशीर होण्याचीही शक्यता असते.

उन्हाचा देश असूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास सापडते. पोटातलं कॅल्शियम शरीराला लागायचं तर हे जीवनसत्त्व हवं, आणि ते बनतं उघड्या त्वचेवर ऊन पडल्यावर. कोवळं ऊन चांगलं असं आपण ऐकत आलो. खरं तर सकाळच्या तिरप्या उन्हात ते फारसं बनत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा लहान पडते तेव्हाचं ऊन त्यासाठी उपयोगी असतं. काचेच्या खिडकीआड बसून ते मिळत नाही. पर्द्यात राहणाऱ्या आणि दिवसभर घरात असणाऱ्या बायकांना ते मिळत नाही यात नवल नाही, पण त्यावर उपाय घरातच आहे. गच्चीवर किंवा आडोशाच्या अंगणात, जिथे परक्याची नजर पडत नाही, तिथे हात कोपरापर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसता येतं. उन्हाळ्यात त्याहून कमी पुरे. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी किंवा गोळी दिली असेल तर ती आठवड्यालाच घ्या. रोज घेतली म्हणून लवकर जुळत नाही, उलट जास्त झाल्यावर अपाय होतो.

आता नमाज आणि रोजा. प्लास्टर असलं तरी नमाज सुटत नाही आणि त्यासाठी प्लास्टर भिजवायचीही गरज नाही. वुजू करताना जेवढा भाग उघडा आहे तेवढा धुवायचा आणि प्लास्टरवरून ओला हात फिरवून मसह करायचं. चामडी मोज्यांच्या मसहला एक दिवस किंवा तीन दिवसांची मुदत असते, तशी इथे नाही. पट्टी असेपर्यंत चालतं. हे हनफी मताप्रमाणे सांगितलं. कोकणातल्या शाफई घरांत तपशील वेगळा आहे, त्यांनी आपल्या इमामांना विचारावं. अंघोळीला प्लास्टरभोवती प्लास्टिकची पिशवी बांधा.

हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना उभं राहून, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करायला सांगितलं, ही हदीस बुखारीत आहे. पाय मोडलेल्यांनी खुर्चीवर बसून, इशाऱ्याने रुकू-सजदा करावा. मनगट मोडलेल्यांना उभं राहायला अडचण नसते, त्यामुळे ते सजद्यातही तळहात टेकायला जातात. सजद्यात मनगट मागे वाकतं आणि उठताना अंगाचा भार त्याच्यावर येतो. पडताना मनगट मोडलं तेव्हाही ते असंच वाकलेलं होतं. तो हात जमिनीवर टेकून भार देऊ नका. एका हाताच्या आधाराने सजदा जमत नसेल तर इशाऱ्याने करा. ही सवलत अल्लाहने दिलेली आहे. ती घेताना मन खट्टू करून घ्यायचं कारण नाही.

आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करावेत ही मुभा सूरह बकरामध्येच आहे. माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन आठवडे रोजा नको. तेव्हा सूज असते, औषधं दिवसातून तीनदा असतात आणि शरीराला पाणी व जेवण वेळेवर हवं असतं. पुढे दुखणं कमी झालं, साखर-रक्तदाब ठीक आहे आणि डॉक्टरांनी औषधं सहेरी-इफ्तारवर बसवून दिली तर मनगटासारख्या मोडीत रोजा ठेवता येतो. मग सहेरीला चहा-खारी भागणार नाही. दोन अंडी, दूध आणि भाकरी. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग भज्यांच्या ताटाआधी वरण, गोश्त किंवा दही. अम्मी ऐकत नसतील तर मशिदीच्या इमामांकडून त्यांना मसला समजावून सांगा. सुनेने सांगितलेलं आणि इमामांनी सांगितलेलं यात फरक पडतो, हे आपण सगळेच जाणतो.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात नाही. साठीतली बाई उभ्या उंचीवरून पडली आणि हाड मोडलं, म्हणजे हाड आधीच ठिसूळ झालेलं असण्याचा संभव मोठा. चार-पाच बाळंतपणं, प्रत्येकाला दूध पाजणं, आणि आयुष्यभर सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेलं खाणं. पाळी गेल्यावर हाडाची झीज झपाट्याने होते. मनगट जुळलं की प्रकरण मिटलं असं समजू नका. अशा बाईचं पुढे खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो आणि खुबा मोडला की अनेकजणी अंथरुणातून उठत नाहीत. प्लास्टर काढायला जाल तेव्हा हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल आणि त्यावरच्या औषधाबद्दल स्वतःहून विचारा. नहाणीत वुजूसाठी न हलणारा स्टूल ठेवा, खरबरीत चटई टाका, भिंतीला पकडायला दांडी लावा, रात्रीचा दिवा चालू राहू द्या. ऑपरेशन करावं लागलंच तर रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

प्लास्टर असताना हात झोळीत लटकावून ठेवला म्हणजे विश्रांती झाली असं अनेकांना वाटतं. सहा आठवड्यांनी मनगट जुळतं आणि खांदा आखडतो. पहिल्या दिवसापासून बोटांची मूठ मिटायची आणि उघडायची, तासाला दहा वेळा. तस्बीह त्याच हाताने फिरवा. दिवसातून चार वेळा हात झोळीतून काढून कोपर वाकवा, खांदा वर-खाली करा. झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच. पायाला प्लास्टर असेल तर पायाची बोटं हलवत राहा आणि पायावर किती भार द्यायचा हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काहींना लवकर भार देणं फायद्याचं असतं, काहींना धोक्याचं.

प्लास्टर निघाल्यावर हात बारीक, कोरडा आणि ताठ दिसेल. घाबरू नका. कोमट पाण्यात हात बुडवून मनगट हळूहळू वर-खाली आणि गोल फिरवा. आठवड्याभराने मऊ भिजवलेला कणकेचा छोटा गोळा मळायला द्या, मग ओला रुमाल पिळायला. भरलेली घागर, पाट्यावरचं वाटण आणि तळहातावर भार देऊन सजद्यातून उठणं, हे डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे पाहून हो म्हटल्यावरच.